साइड मागणारा आणि देणारा

चि. भाच्यास,


परवा फोनवर तू नुसता पेटला होतास. साखर भरून न्हावा शेव्याला निघालेला तू, पुढं एक कंटेनर, आणि त्यानं शिरवळपासून साइड दिली नाही म्हणून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. "मामा, असल्याचं करायचं काय?" एवढं विचारलंस आणि रेंज गेली. म्हणून लिहूनच पाठवतो. तसंही फोनवर तू ऐकून घेत नाहीस, आणि स्टेअरिंगवर असताना तू फोन उचलू नयेस असं तुझ्या मामीचं म्हणणं आहे. ते खरं आहे.

असल्याचं काहीच करायचं नाही. मागं राहायचं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इतकंच. पण माझा तुला उलटा प्रश्न आहे. मागून कुणी तुला डिपर मारतो, तेव्हा तुझा पाय काय करतो?

नवीन पोरांना वाटतं, ओव्हरटेक करणारा एकटाच असतो, पुढचा नुसता अडथळा. खरं तर त्यातलं निम्मं काम पुढच्यानं करायचं असतं. तुला आकडेच आवडतात, तर आकडे घे. तुझ्या गाडीला गव्हर्नर आहे, 80 वर बांधलेला. पुढचा 78 नं चाललाय. तुझी गाडी, त्याचा ट्रेलर आणि आधी-नंतर सोडायची जागा धरली तर तुला त्याच्यापेक्षा किमान 60 मीटर जास्त कापायचे आहेत. ताशी दोन किलोमीटरच्या फरकानं तेवढं कापायला पावणेदोन मिनिटं लागतात. तेवढ्यात खालून रस्ता सरतो जवळजवळ अडीच किलोमीटर. म्हणजे अडीच किलोमीटर दोघांनी मिळून अख्खा हायवे अडवला, मागं ॲम्ब्युलन्स का असेना. आता समज, त्यानं पाय थोडा उचलला आणि तो 70 वर आला. तेच काम बावीस सेकंदांत होतं, अर्ध्या किलोमीटरच्या आत. त्याचं गेलं काय? दोन-तीन सेकंद. तेवढ्यात तंबाखूसुद्धा मळून होत नाही.

आणि हे काही उपकार नव्हेत. 1989 च्या रस्ता नियमावलीतच होतं की मागचा पुढं निघत असताना पुढच्यानं वेग वाढवायचा नाही, त्याला अडवायचं नाही. 2017 साली नवी नियमावली आली, तिनंही ते सोडलेलं नाही. जुन्या नियमात तर साइड देण्याची रीतसुद्धा लिहिलेली होती: उजवा हात खिडकीतून आडवा बाहेर काढायचा आणि अर्धगोलात मागं-पुढं हलवायचा. आम्ही तो हात दिलाय आणि घेतलाय. समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, गाव ठाऊक नसायचं, फक्त कोपरापर्यंत उन्हानं रापलेला हात हलायचा आणि आपण गिअर टाकायचो.

तो हात आता आत गेला. ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. चांगलंच झालं. मे महिन्यात इंजिनाशेजारी भाजून निघालेल्या माणसाला विचार, तो सांगेल. पण काचा बंद झाल्या की हात बाहेर येत नाही आणि मागचा हॉर्नही नीट ऐकू येत नाही. दुसरी गोष्ट क्लीनरची. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो. ओव्हरटेक करून डावीकडं परत यायचं, तर मागच्याचं तोंड आपल्या शेपटीला लागतंय का, हे आपल्याला सगळ्यात कमी दिसतं. तिथं क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून बघायचा आणि दारावर थाप मारून ओरडायचा, "जाऊ दे, जाऊ दे!" आता मालकांना दुसरा माणूस परवडत नाही. तू एकटाच असतोस, तुझ्यासारखे पुष्कळ.

मग क्लीनरचं ते काम कुणी करायचं? ज्याला ओलांडलं त्यानं. तुझ्या पुढं गेलेल्या गाडीची शेपूट पुरती मोकळी झाली की लाइटचा एक छोटा डिपर द्यायचा. ये बाबा आत, जागा आहे. रात्री तर हे फार लागतं. आरशात नुसते दोन दिवे दिसतात, ते किती लांब आहेत ते कळत नाही. अडचण एवढीच की आपल्याकडं बहुतेकांचा डिपर 'सरक, मी येतोय' म्हणून असतो. म्हणून तुझा डिपर एकदाच आणि पुढचा आत यायच्या बेतात असतानाच असावा. दोन-तीन वेळा फडफडवलास तर तो घाबरून उजवीकडंच राहील.

इंडिकेटरचं मात्र वेगळं सांगतो. एकाचा उजवा इंडिकेटर म्हणजे 'ये', दुसऱ्याचा म्हणजे 'थांब, समोरून येतंय', आणि तिसऱ्याला खरोखरच उजवीकडच्या पंपावर वळायचं असतं. तिघंही एकाच रस्त्यावर भेटतात. तेव्हा पुढच्याची खूण म्हणजे सल्ला समज. समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय आंबा घाटात आणि त्याच्या अलीकडं-पलीकडं कुठंही दुपदरीवर बाहेर निघू नकोस. तू पुढं असलास तर उगाच खुणा करून कुणाला बोलावूही नकोस. डावीकडं सरक, पाय उचल, गाडी सरळ ठेव. मागच्याला बरोबर कळतं.

गाळपाच्या हंगामात तुमच्या साखर कारखान्याच्या वाटेवर दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतील. त्यांच्याकडून साइडची अपेक्षाच धरू नये. टेप एवढा मोठा असतो की तुझा हॉर्न त्याच्यापर्यंत पोचत नाही, मागं रिफ्लेक्टर असेलच असं नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. ट्रॅक्टरवरच्या पोरावर चिडू नकोस. त्याला खेपेचे पैसे मिळतात, झोपेचे नाहीत.

खंबाटकीची चढण ही आणखी वेगळी गोष्ट. एकेरी वाहतूक आहे म्हणून तिथं समोरून कुणी येत नाही, आणि म्हणूनच तिथं आपली माणसं जास्त बेफिकीर होतात. भरलेली गाडी दुसऱ्या भरलेल्या गाडीला चढणीवर ओलांडायला जाते, दोघींचा दम संपतो, आणि दोन बैल जुंपल्यासारख्या त्या जोडीनं वर चढत राहतात. मागं खंडाळ्यापर्यंत रांग. (आपला सातारचा खंडाळा, बोरघाटातला नव्हे. तुझी मामी दर वेळी विचारते.) तुझी गाडी रिकामी असली आणि पुढचा लोड घेऊन चढत असला, तर त्याची चाल मोडेल असं काही करू नकोस. चढणीवर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलायची म्हणजे क्लच प्लेटचा वास सुटतो. अरुंद घाटात उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यायची, हे कायद्यातही याच कारणानं आहे.

कारवाले आपल्याला शिव्या देतात की ट्रकवाले उजवी लेन धरून बसतात. त्यात खोटं नाही. डावीकडून उलट्या दिशेनं येणाऱ्या मोटरसायकली, कडेला उभे टेम्पो, मधेच थांबलेली एसटी, हे सगळं मलाही ठाऊक आहे. तरी सांगतो, ती सबब शंभर मीटर पुरते, शंभर किलोमीटर पुरत नाही. तू उजवी लेन धरून बसलास की मागचा डावीकडून घुसतो, आणि डावीकडं तुला कोण दिसतं ते वर लिहिलंच आहे.

'हॉर्न ओके प्लीज' लिहायला 2015 साली महाराष्ट्रानं मनाई केली, तरी तुझ्या फाळक्यावर ते अजून झळकतंय असं तुझ्या आईनं पाठवलेल्या फोटोत दिसलं. मालकाला सांगून पुसून घे. त्याच फोटोत डाव्या बाजूचा आरसा तडकलेला दिसला. तो आधी बदल. मालक पैसे देत नसेल तर मला कळव, कऱ्हाडला माझ्या ओळखीचं दुकान आहे.

तुझा,
मामा