तंजावरला तू जायलाच हवंस

प्रिय मावशी,



तंजावरहून आल्यावर बाकी सगळ्यांना फोटो पाठवले, तुला मात्र सविस्तर पत्र लिहायचं ठरवलं होतं. शनिवार-रविवारला जोडून आलेल्या सुट्टीत इतक्या लांब कशाला, असं घरात सगळे म्हणत होते. पण तिरुचिरापल्लीपर्यंत विमान आणि पुढे भातखाचरांमधून जाणारी बस, इतकंच अंतर आहे. शहरही आटोपशीर. बृहदीश्वराचं देऊळ, राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय, शिवगंगा बागेतलं चर्च, सगळं पायी फिरण्यासारखं. त्यामुळे कुंभकोणम, दारासुरम यांच्यामागे न धावता मी तंजावरातच राहिले, आणि जे पाहिलं ते निवांत पाहिलं.

देवळात पहाटे जा. दुपारी गाभारा बंद असतो आणि फरशी इतकी तापते की अनवाणी पाय टेकवत नाही. राजराज चोळाने १०१० मध्ये हे देऊळ पूर्ण केलं. आजूबाजूला कावेरीच्या गाळाची सपाट जमीन, डोंगराचा पत्ता नाही; तरीही सुमारे दोनशे फूट उंचीचं शिखर ग्रॅनाइटचं आहे. दगडाचा प्रत्येक तुकडा बाहेरून आणलेला. मान दुखेपर्यंत वर पाहिलं, पण मला जास्त गुंतवून ठेवलं ते खालच्या भिंतींनी. राजराजाने स्वतःची, बहिणीची, राण्यांची आणि इतर दात्यांची दानं तिथे तमिळमध्ये कोरून घेतली आहेत. देवळासाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावं त्यात आहेत, आणि कुणाला कुठल्या गल्लीत घर दिलं हेही आहे. हजार वर्षांपूर्वीच्या त्या बायकांचा पत्ता दगडावर टिकून राहिला, याचा मला फार आनंद झाला.

याच आवारात नैऋत्येकडच्या भिंतीवर देवनागरी अक्षरं दिसतात, आणि तुझी आठवण आली ती तिथे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, तो हा लेख. ओळींमागून ओळी, भिंत संपता संपत नाही. चोळांच्या देवळात, तमिळ लेखांच्या सोबतीला आपली भाषा. मी एकेक शब्द लावत उभी होते, तेव्हा एका तमिळ कुटुंबातल्या मुलीने मला वाचता येतंय का म्हणून विचारलं. मी एक ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि तिला अर्थ सांगितला. तिने मग मला शेजारची तमिळ अक्षरं दाखवली.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात इथे राज्य स्थापलं, हे आपण शाळेत दोन ओळींत शिकतो आणि पुढे सरकतो. ते राज्य १८५५ पर्यंत चाललं. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे स्वतः नाटकं लिहायचे, तेलुगूत आणि मराठीतही. मराठी रंगभूमीची सुरुवात मानला जाणारा विष्णुदास भाव्यांचा प्रयोग सांगलीत १८४३ साली झाला, त्याच्या दीडशे वर्षं आधी तंजावरच्या दरबारात मराठी नाटक होतं. आज सगळीकडे शिकवला जाणारा भरतनाट्यमचा क्रम ज्या चार भावांनी बसवला, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू सरफोजींच्या पदरी होते.

या सगळ्यांत माझं मन जडलं ते सरफोजींवर. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. किल्ला आणि तनखा तेवढा उरला. अशा वेळी माणूस कुढत बसला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी पुस्तकं जमवली. मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या काळापासूनच्या ग्रंथसंग्रहात काशीयात्रेहून आणलेली संस्कृत हस्तलिखितं घातली, युरोपातून छापील ग्रंथ मागवले. वाड्यात देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. डोळ्यांच्या रुग्णांची रंगीत चित्रं काढवून विकाराच्या आणि उपचारांच्या नोंदी ठेवल्या. ती पानं सरस्वती महालाच्या संग्रहात आहेत. ग्रंथालयाच्या दालनात ताडपत्रांच्या पोथ्यांबरोबर ल ब्रं या फ्रेंच चित्रकाराची माणसांचे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी शेजारी मांडणारी चित्रंही पाहायला मिळाली. ज्ञान कुठून आलं यापेक्षा ते आपल्याकडे आहे की नाही, याची त्या राजाला काळजी होती.

चर्चमध्ये संगमरवरात कोरलेला एक प्रसंग आहे: मिशनरी श्वार्ट्झ मरणशय्येवर आणि सरफोजी त्यांचा हात धरून उभे. फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचं काम. लहानपणी ज्याने सांभाळलं, शिकवलं, त्या माणसाचं ऋण राजाने असं जपलं, आणि स्वतःचा धर्मही सोडला नाही. या शिल्पासमोर मी बराच वेळ थांबले.

संध्याकाळी मात्र मी फक्त खाल्लं आणि हिंडले. केळीच्या पानावरचं जेवण, पितळी डवऱ्यातली कॉफी, तंजावरी चित्रांची दुकानं. फणसाच्या लाकडाची वीणा कोरताना एका कारागिराला पाहिलं. तुझ्यासाठी मान डोलावणारी बाहुली आणली आहे.

आता मुद्द्याचं. आपण तंजावरचा अभिमान बोलून दाखवतो, पण तिथली मराठी वाचायला जात नाही. त्या ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं हजारोंनी आहेत आणि मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे. त्यातल्या बऱ्याच कागदांचं तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने करून छापलं. इतक्या आस्थेने त्यांनी आपला वारसा जपला, तर आपणही निदान तो वाचण्याइतकं करायला हवं.

तू निवृत्तीनंतर जिद्दीने मोडी शिकलीस. घरातल्या जुन्या खतांवर हात बसवलास. तुझ्यासारख्या वाचणाऱ्यांनी तिथे जायला हवं. पुढच्या थंडीत आपण दोघी जाऊ, आणि या वेळी आठवडाभर राहू. हस्तलिखितं पाहायला आधी परवानगी घ्यावी लागते. त्याचा अर्ज मी लिहिते. कुठल्या विषयाचे कागद आधी मागायचे, ते तू ठरव आणि मला कळव.

तुझी,
भाची