दोन समुद्रांमधली सायकल

विलायतेहून परत आल्यापासून गावोगावी मला एकच प्रश्न विचारतात, "साहेब, लंडन पाहिले की नाही?" पाहिले, दीड दिवस. पण वाचकहो, त्या देशाची खरी ओळख लंडनात होत नाही. ती आडरस्त्यांवर होते, आणि तीही सायकलवर बसले म्हणजे. मोटारीतून गडग्यापलीकडचे शेत दिसत नाही, आणि पायी निघाले तर दोन खोरी ओलांडेपर्यंत सुटी संपते.

माझा मुलगा लीड्स शहरात संगणकाच्या नोकरीत आहे. २०२४ च्या जून महिन्यात त्याने आग्रहाने बोलावून घेतले आणि म्हणाला, "अण्णा, आपण सायकलने हा देश आडवा ओलांडू." आमच्या मंडळींनी कपाळावर हात मारला. माझे वय सत्तावन्न, त्यात उजवा गुडघा कुरकुरणारा. पण नोकरीची पहिली सात वर्षे मी बावीस इंची काळ्या सायकलवर गावे पालथी घातलेली. नाही म्हणवले नाही. बोलावण्यामागे आणखी एक कारण होते, तेही मला ठाऊक होते. आमची साडेचार एकर जमीन विकून टाकावी असे त्याचे म्हणणे. फोनवर हा विषय निघाला की दोघांपैकी एकजण फोन ठेवून देत असे.

तिथली सायकल एका हाताने उचलावी इतकी हलकी. टायर बारीक, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले. सवय व्हावी म्हणून आधी एक दिवस यॉर्कशायरमधल्या बटरटब्ज नावाच्या घाटावर गेलो. हॉज या बाजारगावातून रस्ता चढतो, १,७२६ फुटांवर पोचतो आणि पलीकडे स्वेलडेल खोऱ्यात उतरतो. २०१४ साली टूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यत लीड्सहून सुटली तेव्हा ती याच घाटावरून गेली. मला मात्र नावाचे कौतुक वाटले. वर रस्त्याकडेला चुनखडीत पडलेले खोल खड्डे आहेत. लोणी घेऊन बाजाराला जाणारे शेतकरी उन्हाच्या दिवसात येथे विसावा घेत आणि लोणी वितळू नये म्हणून त्या गार खड्ड्यांत सोडून ठेवीत, असे सांगतात. म्हणजे ही लोण्याची खिंडच झाली.

उतरल्यावर मी सायकल गडग्याला टेकवून अर्धा तास नुसता बघत उभा राहिलो. गडगे आपल्या कोकणातल्यासारखेच, चुना-मातीशिवाय रचलेले. गवताच्या वावरांत दगडी कोठारे, एक इथे, एक तिथे. पूर्वी गवत कापून त्याच वावरातल्या कोठारात भरीत, हिवाळ्यात गुरे तिथेच बांधीत, आणि शेणखत त्याच वावरात पसरीत. ना चारा घरी वाहायचा, ना खत शेतात वाहायचे. गाडीवाट नसलेल्या डोंगराळ मुलखात याहून शहाणी सोय मला तरी सुचली नसती. मुलगा घड्याळ पाहत होता.

मग मुख्य प्रवास. पश्चिमेच्या व्हाइटहेवन बंदरापासून पूर्वेच्या संडरलंडपर्यंत सुमारे १४० मैलांचा हा सायकलमार्ग १९९४ साली सुरू झाला. रिवाज असा की निघताना मागचे चाक आयरिश समुद्रात भिजवायचे आणि पोचल्यावर पुढचे चाक उत्तर समुद्रात. तुमची मुले तिकडे असतील आणि कधी हा योग आला तर पश्चिमेकडूनच निघा. वारा बहुतेक त्याच बाजूने असतो, म्हणजे पाठीशी राहतो. आम्ही पाच दिवस घेतले. तरणी पोरे तीन दिवसांत करतात.

पहिल्याच दिवशी लॉर्टन गावाच्या अलीकडे मेंढ्यांनी रस्ता अडवला. म्हातारा मेंढपाळ, एक कुत्रा आणि हर्डविक जातीचा कळप. या जातीची कोकरे जन्मतात काळी आणि वयाबरोबर राखाडी होत जातात, तोंड पांढरे. सायकलवरून उतरून मी अंगाचीच सवय म्हणून चौकशी सुरू केली. त्याची बोली मला उमगेना, मुलगा मराठीत सांगत होता. डोंगरावर कुंपण नाही, तरी कळप आपली हद्द सोडत नाही. मेंढी चरता चरता कोकराला हद्द शिकवते, ते कोकरू पुढे आपल्या कोकराला. पिढ्यान्पिढ्या असेच चालत आले.

२००१ साली त्या देशात लाळ्या-खुरकूत पसरली. आपण लस टोचतो. त्यांनी कळपच्या कळप मारून साथ थांबवली. साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली, आणि सर्वांत मोठा तडाखा याच कंब्रिया परगण्याला बसला. मेंढ्या विकत आणता येतात, पण आणलेल्या मेंढीला डोंगराची हद्द कोण शिकवणार? जिथे जुना कळप संपला तिथे नव्याला वळवीत वर्षानुवर्षे डोंगरावर हिंडावे लागते.

म्हाताऱ्याने मुलाला विचारले, "तुझे वडील काय करतात?"

"शेतकऱ्यांना शेती शिकवतात."

"आणि तू?"

मुलगा हसला, पण उत्तर त्याने लगेच दिले नाही. मीही चेन बघण्याचे निमित्त करून खाली वाकलो. खरे सांगायचे तर, तीस वर्षे मी सभासभांतून सांगत आलो की शिकलेल्या मुलांनी शेती सोडू नये. स्वतःच्या मुलाला मात्र मीच इंजिनिअरिंगच्या रांगेत उभे केले. सुटीत त्याला शिकवणीला धाडले, बांधावर कधी नेले नाही.

केसिकपर्यंतच्या चढात मी दोनदा उतरून सायकल ढकलली, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पुढचा थ्रेल्केल्डपर्यंतचा तुकडा जुन्या रेल्वेमार्गावरून जातो. डिसेंबर २०१५ च्या पुराने तिथले पूल वाहून गेले होते, ते नवे बांधून २०२० अखेर वाट पुन्हा खुली झाली. नदीकाठची सावली, जवळजवळ सपाट रस्ता. लेकुरवाळ्यांनी निदान एवढा भाग तरी करावा.

हार्टसाइडचा चढ वेगळा. जीवघेणा नाही, पण संपतच नाही. १,९०० फुटांवरची ती खिंड. या डोंगरउतारावरून कधीकधी ईशान्येचा थंडगार वारा खाली कोसळतो. त्याला 'हेल्म' असे नाव आहे, आणि साऱ्या ब्रिटनमध्ये स्वतःचे नाव असलेला वारा हा एवढाच, असे म्हणतात. आम्हाला तो लागला नाही, पाऊस मात्र लागला. मुलगा सहज पुढे गेला असता, तरी माझ्या मागच्या चाकाच्या अंतराने येत राहिला. वरचे चहाचे हॉटेल २०१८ साली जळाले, म्हणून थर्मासमधला चहा काढला. ढग फाटले आणि खाली ईडनचे हिरवे खोरे, पलीकडे आम्ही मागे टाकलेले डोंगर दिसले.

"अण्णा," तो म्हणाला, "जमीन विकू म्हणतो ते पैशासाठी नाही. उद्या तुमच्यामागे कुणी बांध कोरला तर मला कळणारही नाही. आपली हद्द कुठून कुठे, हेच मला माहीत नाही."

एवढी वर्षे मी त्याला लोभी समजत होतो. काय बोलावे ते सुचेना, म्हणून त्याला आणखी अर्धा कप चहा ओतला.

पुढचे सांगण्यासारखे थोडे. शिशाच्या बंद खाणींचे नेंटहेड, मग ओसाड माळ, आणि तिथून जुन्या रेल्वेमार्गाने बहुतेक उतारच उतार. वाटेत कॉन्सेट गाव लागते. १९८० साली तिथला पोलाद कारखाना बंद पडला आणि हजारोंचे काम गेले. आज त्या गावातून सायकली जातात. स्कॉटलंडमधली 'बेलख ना बा', म्हणजे गुरांची खिंड, माझी राहून गेली. समुद्रकाठापासून थेट दोन हजार फूट चढते. मुलगा ती करून आला आहे. गुडघ्याने परवानगी दिली तर पाहू.

संडरलंडला पाणी बर्फासारखे होते. पुढची चाके भिजवली, फोटो काढला. सायकल पुसता पुसता मुलाने विचारले, "दिवाळीला आलो तर बांध दाखवाल?"

तो आला. मोजणीचा नकाशा घेऊन आम्ही दोघे निघालो. तीन बाजू दुपारपर्यंत झाल्या. पूर्वेकडच्या हद्दीचा दगड घाणेरीच्या जाळीत गडप झालेला होता. तो सापडेपर्यंत दिवस मावळला, आणि कोयता सबंध वेळ त्याच्याच हातात होता.