प्रिय बीआरएम, एकदा तापीकाठी ये

पुरुषोत्तमनगर,
ता. शहादा, जि. नंदुरबार

प्रिय बीआरएम,

तुझं पूर्ण फ्रेंच नाव इकडे कुणाच्या तोंडी बसत नाही, म्हणून सायकलवाले म्हणतात तेच म्हणतो. २०० किलोमीटर सायकल चालवून आलो असं गावात सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कितवा नंबर आला?’ मग तू शर्यत नाहीस, ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड आहेस, हे समजावत बसावं लागतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. मुदतीत पोचला तो पास. नऊ तासांत आलेला आणि शेवटच्या मिनिटाला आलेला, दोघांचं मोल तुझ्या वहीत सारखंच. नंबर नसलेली गोष्ट माणूस पैसे भरून का करतो, हे मात्र मला अजून कुणाला पटवता आलेलं नाही.

माझ्यापुरतं उत्तर मुदतीच्या हिशेबात आहे. तुझं घड्याळ चहाला थांबत नाही, पंक्चरलाही नाही. तरी सायकल ताशी वीस-एकवीसनं चालत ठेवली तर २०० किलोमीटर साडेनऊ-दहा तासांत उरकतात. म्हणजे साडेतीन-चार तास हाती राहतात. ते मित्रासाठी असतात, असं माझं ठाम मत आहे.

माझा मित्र अंगानं भक्कम. सपाटीवर वाऱ्याच्या तोंडी दिला तर तासभर हलणार नाही, पण चढ लागला की मागे पडतो. माझं नेमकं उलटं. समोरून वारा असताना दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून चाललं की बरीच ताकद वाचते, म्हणून तिथे पाळीपाळीनं पुढे व्हायचं. चढावर वेगच इतका कमी असतो की या आडोशाचा उपयोग उरत नाही, आणि दुसऱ्याच्या लयीत पायडल मारायला गेलं की गुडघे बोलू लागतात. तिथे ज्याचा त्याचा पाय. माथ्यावर आधी पोचेल त्यानं थांबायचं, आणि मागून येणाऱ्याला ‘किती वेळ लावला’ असं विचारायचं नाही. आमच्यातला एवढा एकच करार आहे. बाकी दशम्या कुणी आणायच्या, यावर वाद होतात.

सोबत चालावं की ज्यानं त्यानं आपल्या वेगानं, हे भांडण तुझ्या घरातलंच आहे म्हणा. १८९७ साली इटलीत काही जण रोमहून नेपल्सला सूर्योदय ते सूर्यास्तात सायकलनं गेले, तिथून ऑडॅक्सची, म्हणजे ठरल्या वेळात लांब पल्ला सायकलनं कापण्याची, कल्पना निघाली. १९०४ मध्ये आंरी देग्रांजनं ती फ्रान्समध्ये आणली. यानंच टूर द फ्रान्स सुरू केली. त्याच्या पद्धतीत सगळ्यांनी एका कप्तानाच्या मागे, ठरलेल्या वेगानं, गटानं जायचं. पुढे १९२१ मध्ये ऑडॅक्स क्लब पॅरिसियनचं त्याच्याशी बिनसलं आणि क्लबनं मुक्त वेगाच्या राइड सुरू केल्या. तू त्या वाटेची. कप्तान गेला, सक्ती गेली. त्यामुळे आज कुणी कुणासाठी थांबतो तो आपल्या मर्जीनं थांबतो. मला हा १९२१ चा निकाल मान्य आहे.

शिवाय तुझा तो कडक नियम. मागून गाडी घेऊन कुणी चालायचं नाही, बाहेरची मदत घ्यायची ती कंट्रोलवरच, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणीच. दोन कंट्रोलच्या मधे अंधारात चेन तुटली तर हक्कानं हाक मारावी असा माणूस एकच, सोबतचा सायकलस्वार.

याच्या अगदी उलट तऱ्हा म्हणजे रेस अॅक्रॉस अमेरिका. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ती पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. पराक्रमच तो. पण दोघांच्या गटात ती रिले असते. एक सायकलवर असतो तेव्हा दुसरा गाडीत विसावा घेत असतो. एवढ्या प्रवासात दोघं शेजारी-शेजारी किती चालले असतील? नाशिकहून पंढरपूरला निघणाऱ्या सायकल वारीतला साधा माणूस याबाबतीत जास्त नशीबवान.

आता तक्रार. तू नाशिकला भेटतेस, पुण्याला भेटतेस. आमच्या जिल्ह्यातल्या माणसानं तुला भेटायचं म्हणजे आदल्या दिवशी सायकल घेऊन निघायचं आणि परक्या गावी लॉजवर झोपायचं. आणि तुझा मुख्य मोसम थंडीचा, तोच आमच्या उसाचा. मी साखर कारखान्याच्या गावचा. पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकारानं उभा राहिलेला सातपुडा तापी परिसर कारखाना इथलाच. गाळप सुरू झालं की रस्ता ट्रॅक्टरचा. एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, आणि मागे दिवा असलाच तर मोळीखाली झाकलेला. शाळेत असताना आम्ही पोरं याच ट्रॉल्यांना एका हातानं धरून सायकली पळवायचो. तुझ्या नियमात तर ते बसत नाहीच, पण आता रात्रीच्या वेळी तसली ट्रॉली अचानक समोर उभी ठाकली की पोटात गोळा येतो. अंगावर रिफ्लेक्टरचं जॅकेट आम्ही घालतो, ट्रॉलीला मात्र काहीच नसतं.

म्हणून सुचवतो. दसरा ते दिवाळीच्या मधे ये. तेव्हा कारखान्यांचे बॉयलर पेटत असतात, पण गव्हाणीत मोळी पडलेली नसते. तुझं वर्ष ऑक्टोबरअखेर संपतं, तेव्हा हिशेबातही बसेल. प्रकाशा गावी तापी-गोमाईच्या संगमावरून सुटायचं. शहादा, शिरपूर करत चोपड्याच्या अंगाला जायचं आणि शंभराव्या किलोमीटरला मागे फिरायचं. जाताना सातपुडा डाव्या हाताला, पपई आणि केळीचे मळे दोन्हीकडे. घाट नाही. ऑक्टोबरचं ऊन आहे, परतताना सूर्य डोळ्यांवर येईल, आणि रस्त्यावरचे खड्डे आमच्याकडून भेट समज. नव्या माणसाला पहिल्या २०० साठी याहून सोपी वाट सापडणार नाही. सकाळी सहाला सुटलं तर मुदत संध्याकाळी साडेसातला संपते. म्हणजे अंधारात फार तर तास-दीड तास.

तू येशील तेव्हा ये. तोवर खानदेशातल्या कारखान्यांना आणि ट्रॅक्टरमालकांना एवढीच विनंती : या हंगामात पहिली मोळी टाकण्याआधी प्रत्येक ट्रॉलीच्या मागे, उसानं झाकणार नाही अशा जागी, लाल रिफ्लेक्टर लावून घ्या.

तुझा,
एक सायकलवाला