आमचा ब्रूनो चावत नाही!

आमच्या रिसालीच्या घराच्या फाटकाची कडी पावसाळ्यापासून ढिली झाली होती. आई रोज आठवण करायची. बाबा म्हणायचे, "रविवारी बघतो." आणि मी म्हणायचे, "आई, आपला ब्रूनो कुणाला काही करत नाही गं."

कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक घरात हे वाक्य असतंच. तुमच्याही असेल.

एका सकाळी दूधवाले काकांनी मोटरसायकल उभी केली, कॅनचा आवाज झाला आणि ब्रूनोने फाटकाला धडक दिली. कडी निघाली. मी धावत बाहेर येईपर्यंत त्याचे दात काकांच्या पोटरीत रुतले होते.

आईने लगेच नळाखाली साबणाने जखम धुवायला घेतली, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. काका उलट मलाच समजावत होते, "कुछु नइ होय हे, नोनी." बाबांनी खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढून त्यांच्या हातात कोंबल्या आणि हळूच म्हणाले, "ही गोष्ट इथेच राहू द्या."

काकांनी मान डोलावली. मला मात्र लाज वाटली. ज्यांच्या घरी रोज दूध घालायचं, त्यांच्याविरुद्ध ते बोलणार तरी कसे?

काकांना दवाखान्यात नेऊन पहिलं इंजेक्शन दिलं. ब्रूनोचं लसीकरण झालेलं आहे, तरीही डॉक्टरांनी थांबायचं नाही असं सांगितलं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. त्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा सुई, आणि ब्रूनोवर दहा दिवस लक्ष.

त्या रात्री मी कायदा वाचत बसले. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 सांगतं की, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ शकत असेल आणि ती टाळण्याची पुरेशी काळजी आपण जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 1 जुलै 2024 पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं कलम 289 होतं, तेव्हा दंड फक्त एक हजार होता. जखमी माणूस दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागू शकतो, ते वेगळंच.

हा कायदा फक्त कागदावर नाही. मुंबईत नेपियन सी रोडवर 2010 साली एका रॉटवायलरने 72 वर्षांच्या गृहस्थांना चावा घेतला. कुत्रा गाडीत होता, दार उघडू नका अशी विनंती त्यांनी केली होती, तरी मालकाने दार उघडलं. 2023 मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली गेली. वरळीत 2018 साली एक वडील लहान मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होते. मुलगा कुत्र्याला घाबरतो, जरा थांबा, असं त्यांनी सांगितलं. शेजारी थांबला नाही, कुत्रा आत आणला आणि तो त्या वडिलांच्या हाताला चावला. मे 2025 मध्ये शिक्षा झाली, चार महिने सक्तमजुरी.

दोन्हीकडे कुणीतरी आधी सांगितलं होतं. आमच्याकडे आई सांगत होती.

शिवाय मला आठवलं, महिनाभरापूर्वी ब्रूनो असाच फाटकावर झेपावला होता आणि पेपर टाकणारा मुलगा सायकलसकट पडला होता. आम्ही हसलो होतो.

सकाळी मी बाबांना एवढंच विचारलं, "बाबा, प्लांटमध्ये अपघात होता होता टळला तर तुम्ही काय करायचात?"

बाबांनी तीस वर्षं भिलाई स्टील प्लांटमध्ये काढली आहेत. ते म्हणाले, "नियर मिस. लिहून द्यावं लागतं. आज टळलं ते उद्या होतं." आणि मग स्वतःच गप्प झाले.

त्याच दिवशी आम्ही दोघं काकांच्या घरी गेलो. बाबा हात जोडून म्हणाले, "चूक आमची आहे. औषधपाण्याचा आणि बुडालेल्या दिवसांचा खर्च आमचा. तुम्हाला तक्रार करायची असेल तर खुशाल करा, आम्ही खरं तेच सांगू." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आम्हाला चहा दिला. तक्रार त्यांनी केली नाही, पण ती करायची की नाही हे त्यांनी ठरवलं, आमच्या नोटांनी नाही. चारही वेळा त्यांना स्कूटीवर मीच घेऊन गेले.

आता फाटकाला नवी कडी आहे, वर साखळी आहे. दूध यायच्या वेळी ब्रूनो मागच्या अंगणात बांधलेला असतो. फिरायला नेताना पट्टा आखूड धरते आणि गर्दीत जायचं असेल तर जाळी लावते. लसीकरणाचं कार्ड फ्रिजवर चिकटवलं आहे. काही विमा कंपन्या पाळीव कुत्र्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचीही भरपाई देतात. पण शिक्षा झाली तर ती मालकालाच भोगावी लागते.

ब्रूनो अजूनही माझा लाडका आहे. पण आता फाटकाशी आलेला पाहुणा "चावतो का हो?" असं विचारतो, तेव्हा मी "नाही" म्हणत नाही.

"जरा थांबा, बांधते," म्हणते.