माळ्यावरच्या रात्री

जंगल म्हटलं की आमच्या विंगमधल्या पोरांना ताडोबा आठवतो. जिप्सी, कॅमेरा आणि वाघ! माझं जंगल आमच्या मक्याच्या बांधापलीकडे सुरू होतं. गाव कन्नड तालुक्यात, गौताळा-औट्रम घाट अभयारण्याच्या कडेला. १९८६ साली हे अभयारण्य झालं, पण रानडुकरांना हद्द कुठे माहीत? कणसं चिकात आली की पंधरा-वीस रात्री आम्ही माळ्यावर.

माळा म्हणजे चार मेढींवर बांधलेली बाज. खाली शेकोटी, हाताशी बॅटरी आणि बडवायला पत्र्याचा डबा. मोबाईलला रेंज नाही. पहिला तासभर नुसता कंटाळा येतो. मग हळूहळू कान उघडतात. टिटवी ओरडली की समजायचं, काहीतरी हललंय. एका रात्री चांदण्यात डुकरीण बांधावर आली. मागे अंगावर पट्टे असलेली पाच-सहा पिल्लं, एका रांगेत, प्रार्थनेला निघालेल्या पहिलीच्या पोरांसारखी. मी डबा बडवलाच, पण ती पळाली तेव्हा 'गेली एकदाची' असं काही वाटलं नाही. शेतकऱ्याच्या पोराने हे बोलू नये म्हणतात. असो.

आमचे आजोबा शिकारी होते. १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधीची गोष्ट. ठासणीची बंदूक होती. त्यांचे नियम कडक : पिल्लंवाल्या मादीवर बार टाकायचा नाही, नुसत्या आवाजावर टाकायचा नाही आणि जनावर जखमी होऊन पळालं तर ते सापडेपर्यंत घरी यायचं नाही. एका सशासाठी ते रात्रभर फिरल्याचं आजी सांगायची, अर्थात रागाने! त्यांच्या शिकारीची बाजू मी घेत नाही. पण मारणाऱ्यानेही स्वतःला काही बंधनं घालून घेतली होती, एवढं खरं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी एका रात्रीत अर्धा एकर मका आडवा झाला. माझी फी त्याच मक्यातून निघते. सकाळी तात्या (माझे चुलते) शांतपणे म्हणाले, "तू विजेचंच शिकायलास ना? मग मोटारीच्या लाइनीवरून एक तार काढून दे बांधाला."

मी नाही म्हणालो.

"मग फी कशातून भरायची?"

या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन मारता येतं, ते कायद्यात आहे. पण तात्यांना मी कायदा सांगितला नाही. आजोबांचा नियम सांगितला. तारेला आवाजही कळत नाही आणि डोळेही नाहीत. २३० व्होल्टच्या उघड्या तारेतून काही दशांश अँपिअर जरी छातीतून गेले तरी हृदय बंद पडू शकतं, मग ते डुकराचं असो, शेजाऱ्याच्या वासराचं असो, नाहीतर शेजाऱ्याचं. शेतीची लाइट रात्रीची असली की दोन वाजता मोटार चालू करायला अंधारात माणूसच जातो ना? २०२१ च्या मार्चमध्ये गौताळ्यात कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, कित्येक दशकांनी. तो थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून, तीनशेहून जास्त किलोमीटर चालत आला होता. वाटेत त्याने आमच्यासारखे किती बांध ओलांडले असतील, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यानंतर महिन्याभराने वर्गाची सहल अजिंठ्याला गेली. दहा नंबरच्या लेण्यात गाईडने एका खांबावर बॅटरी मारली. जॉन स्मिथ, २८ वी कॅव्हलरी, एप्रिल १८१९. वाघाच्या शिकारीला आलेल्या या साहेबाला लेणी दिसली आणि त्याने चित्रावरच नाव कोरलं. तेव्हा आत गाळ साचलेला, म्हणून नाव इतकं उंच. पोरांनी लगेच 'आपणही हॉस्टेलच्या भिंतीवर...' वगैरे सुरू केलं. मी मात्र त्याच लेण्यातल्या पुसट चित्रांपाशी अडकलो. एक षड्दंत हत्तीचं : राणीच्या हट्टापायी सुळे न्यायला आलेल्या शिकाऱ्याला तो हत्ती मारत नाही, उलट सुळे देऊन टाकतो. दुसरं श्यामचं. आंधळ्या आईवडिलांसाठी पाणी भरणाऱ्या मुलाला शिकारीला आलेल्या राजाचा बाण लागतो. म्हणजे आपला श्रावणबाळच! दशरथाने तरी काय केलं? घागरीचा आवाज ऐकला आणि बाण सोडला. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी भिंतीवर हे काढून ठेवलंय आणि त्याच्यासमोरच्या खांबांत एक शिकारी नाव कोरून गेला. त्याने वर बघितलं असेल का, कुणास ठाऊक.

यंदा दोन एकरांना झटका मशीन बसवलं. बॅटरी, सोलर पॅनल आणि तार. व्होल्टेज हजारोंत, पण झटका क्षणाच्याही बारीक तुकड्यापुरता आणि दोन झटक्यांमध्ये सेकंदभराची उसंत, त्यामुळे जनावर दचकून मागे फिरतं. पैसे तात्यांनी सोसायटीचं कर्ज काढून भरले. जोडणी मी आणि दोन रूममेट्सनी केली. मशीन बसवल्यावर तात्यांनी आधी स्वतः तारेला हात लावून पाहिला आणि जी शिवी दिली ती इथे छापता येणार नाही. डुकरं कमी झाली. रोही मात्र तारेवरून खुशाल उडी मारतात, त्यामुळे माळा काही सुटलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत कोणाला यायचं असेल तर रूमवर येऊन सांगा. स्वेटर आणा, डबा आमच्याकडे आहे.