छावणी : एका शब्दाची साक्ष

भोर तालुक्यातील शिवरे गावच्या वाचकाला ‘छावणी’ हा शब्द परका नाही. इतिहासात तो सैन्याचा तळ असतो, दुष्काळात जनावरांचा आसरा. गावावरून जाणारा पुणे-सातारा रस्ता मात्र या शब्दाच्या आणखी काही अर्थांकडे नेतो. कापूरहोळहून फुटणाऱ्या वाटेने पुरंदर गाठता येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तेथे शत्रुराष्ट्रांचे नागरिक स्थानबद्ध केले होते. हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही त्यांत होते. जो ज्याचा बळी, त्याचाच तो नागरिक ठरला.

हाच रस्ता पुढे कोल्हापूरला जातो. तेथून जवळच असलेल्या वळीवडे येथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते बहुसंख्य कॅथलिक होते. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून उचलून नेलेल्या लोकांपैकी ते होते; त्या लोकांना सैबेरियात आणि उत्तरेकडील जंगलांत झाडे तोडण्यास जुंपले गेले. त्यांच्याबरोबर हद्दपार झालेल्यांत नाझींपासून पूर्वेकडे पळालेले ज्यूही होते. ज्या सक्तमजुरीने अनेकांचे प्राण घेतले, तिनेच उरलेल्यांना मृत्युछावण्यांपासून दूर ठेवले. 1941 च्या करारानंतर त्यांची सुटका झाली. तिला नाव मिळाले ‘माफी’. गुन्हा कोणता, हे कोणी सांगितले नाही.

इराणमार्गे वाचलेल्या ज्यू मुलांचा एक मोठा गट 1943 च्या आरंभी कराचीवरून सुएझकडे आणि तेथून पॅलेस्टाइनला गेला. तेथे अटलितला त्यांचे पहिले मुक्कामाचे ठिकाण म्हणजे काटेरी तारांची आणखी एक छावणीच होती. स्थलांतर म्हणजे सुटका, हे समीकरण येथे डळमळते.

साक्षीचे वाङ्मय वाचताना आपल्या समीक्षेची अडचण येथेच सुरू होते. ‘अस्सल अनुभव’ ही आपली आवडती कसोटी. परंतु वाचलेल्या माणसाचा अनुभव त्याच्यापाशी यंत्रणेच्याच शब्दांत येतो : नागरिक, मजूर, माफी, छावणी. त्या शब्दांना नाकारत, त्यांच्यातच बोलणे हे त्याच्या लेखनाचे प्राक्तन असते. वाचकाने त्यांना आपल्या ओळखीचा अर्थ घाईने चिकटवला, तर सहानुभूती उरते आणि साक्ष हरवते. चारा, कैद, श्रम, मृत्यू आणि आसरा यांना एकच शब्द पुरवणाऱ्या भाषेत भेद राखण्याचे काम वाचकावर पडते. शिवऱ्याहून निघालेल्या वाचकाने निदान इतके करावे : प्रत्येक छावणीपाशी थांबावे आणि तिचे दार कोणाच्या हाती होते, हे विचारावे.