ट्रॅकचा झोळ

पासष्टी उलटल्यावर हाताला कंप सुटला आणि माझ्या टेबलावर दुसरे हात आले. शेजारच्यांची मुलगी, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चाकांच्या कडा ती घासते, लिंका ती जोडते, रबराची आणि लोखंडाची सीमा ती रंगवते. वरच्या ट्रॅकला झोळ देण्याचं काम मात्र मी स्वतःकडे ठेवलं होतं.

टी-५५ रणगाड्याचं मॉडेल करणाऱ्याला या कामात लपायला जागा नाही. सेंच्युरियनला बाजूचे पत्रे असतात, वरचा ट्रॅक बराचसा त्यांच्याआड जातो. टी-५५ला पत्रे नाहीत आणि ट्रॅक वर उचलून धरणारे रोलरही नाहीत. एका बाजूला पाच मोठी चाकं, ८१० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे १:३५ मध्ये जेमतेम २३ मिलिमीटरची. ९० लिंकांचा पट्टा त्यांच्याच माथ्यावर येऊन टेकतो. पहिल्या आणि दुसऱ्या चाकामध्ये अंतर जास्त, तिथे तो जास्त खोल उतरतो. बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. माझी तर जातेच.

अडचण वजनाची आहे. खरा रणगाडा ३६ टनांचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ३५ने कमी झाल्या की वजन ३५च्या घनाने कमी होतं; म्हणजे तोच रणगाडा लोखंडाचाच केला तरी ८४० ग्रॅमचा होईल, आणि आपण तर पोकळ प्लॅस्टिक जोडतो. खऱ्या ट्रॅकमधली पोलादी लिंक पिनेवर लोंबते ती स्वतःच्या भाराने. आपली लिंक इतकी हलकी, की सांध्यातल्या एवढ्याशा घर्षणावरही ती अधांतरी राहते. झोळ आपोआप पडत नाही, तो पाडावा लागतो.

मी तो असा पाडतो. लिंका स्टीलच्या पट्टीला टेकवून सरळ ओळीत लावायच्या, सांध्यांवर पातळ सिमेंट फिरवायचं आणि थांबायचं. किती, ते हवेवर. पुण्यात मे महिन्यात वीस मिनिटांत ओळ काचेसारखी कडक होते, जुलैत तासाभरानेही लेचीपेची असते. ओळ उचलून बोटावरून सोडली की ती वाकली पाहिजे, पण सांधे उघडता कामा नयेत. ती अवस्था पाच-सात मिनिटं टिकते. तेवढ्यात ओळ चाकांवर चढवायची, मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाच्या, दातांत अडकवायची आणि मडगार्डखाली स्पंजचे तुकडे खोचून दोन चाकांमधला ट्रॅक खाली दाबायचा. स्पंज दुसऱ्या दिवशी काढायचा. एखादी लिंक चाकापासून केसभर जरी उचललेली राहिली, तरी सगळा रणगाडा खेळणं दिसतो.

पण झोळ किती द्यायचा, त्याआधी तो कुठे द्यायचा हे ठरवावं लागतं. टी-५५चं स्प्रॉकेट मागे. गाडी पुढे जाताना ते जमिनीवरचा ट्रॅक मागे ओढतं. ताण मागच्या खालच्या तुकड्यावर येतो आणि सगळी ढिलाई वर जमा होते. रिव्हर्स घेतला की उलट: वरचा ट्रॅक ताणला जातो आणि ढिलाई खाली, शेवटच्या चाकाच्या मागे येते. रणगाडा कसा येऊन थांबला, हे त्याच्या ट्रॅकवर वाचता येतं. शर्मन किंवा टायगर करणाऱ्यांनी हे सगळं उलटं धरावं, त्यांचं स्प्रॉकेट पुढे.

याच कारणासाठी मी चौकातल्या चौथऱ्यावरच्या रणगाड्यांचे फोटो संदर्भ म्हणून घेत नाही. नगरच्या टँक म्युझियममध्येही मी चाकं, बोल्ट, वेल्डिंग बघायला जातो, झोळ बघायला नाही. ओढून आणून जागेवर ठेवलेल्या गाडीचा ट्रॅक तिच्या शेवटच्या हालचालीबद्दल काहीच सांगत नाही.

प्रदर्शनांत हल्ली चिखलाला बक्षिसं मिळतात. ट्रॅकवर गंज, गंजावर चिखल, चिखलावर गवताच्या काड्या, आणि खाली झोळ सगळीकडे सारखा, तोरणासारखा. ट्रॅकच्या आतल्या बाजूला चांदीचा रंग फासलेला असतो, तोही मला सहन होत नाही. टी-५५च्या चाकांना रबर आहे. रबर पोलादाला घासून स्वच्छ, काळसर, गुळगुळीत करतं. चकाकी येते ती पोलादाला पोलाद लागतं तिथे, म्हणजे स्प्रॉकेटच्या दातांना, आणि रस्ता घासतो त्या बाहेरच्या उंचवट्यांना. हंगेरीच्या फ्रिउलमॉडेलचे धातूचे ट्रॅक सगळे डोळ्यांना लावून घेतात. ते स्वतःच्या वजनाने सुंदर पडतात हे खरं. पण ते नेहमीच पडतात, ताणलेले असायला हवेत तेव्हासुद्धा.

गेल्या महिन्यात या मुलीने नव्या टी-५५साठी उताराचा बेस केला. कालव्याच्या काठावरून तोंड खाली करून उतरणारा, मध्येच ब्रेक लावून थोपवलेला रणगाडा. मी स्पंज कापायला घेतला. ती म्हणाली, "काका, इथे झोळ नाही येणार. ब्रेक स्प्रॉकेटला धरतोय आणि गाडीचं वजन पुढे खेचतंय. वरचा ट्रॅक ताठ असणार."

तिचं बरोबर होतं. तिला हे मीच शिकवलं होतं. तरी मी दोन दिवस स्पंज बाजूला ठेवला नाही. ताठ ट्रॅक म्हणजे लोकांच्या लेखी खोक्यातला व्हायनिलचा पट्टा. टामिया या मॉडेल कंपनीने १९६१ साली पँथर काढला तेव्हा १:३५ हे प्रमाण आत मोटर आणि बॅटरी मावावी म्हणून ठरलं, आणि मोटरने फिरवायचा तर ट्रॅक रबरासारखा लवचीक हवाच. पुढे मोटर गेली, पट्टा मात्र राहिला. मी त्या पट्ट्यापासून लांब जायला निम्मं आयुष्य घातलं. प्रदर्शनात मी माझ्या टेबलापासून दोन पावलं लांब उभा राहतो आणि लोक वाकून ट्रॅक बघताना काय बोलतात ते ऐकतो. "झोळ बघ" हे शब्द मला हवे असतात. या मॉडेलवर ते कोणी म्हणणार नाही.

दोन्ही बाजू ताठ चिकटवल्या आहेत, तिच्या हातांनी. ढिलाई शेवटच्या चाकाच्या मागे खाली आहे, बघायला खूप वाकावं लागेल. नावाच्या कार्डावर उताराचा कोन आणि 'ब्रेकवर थांबलेला' असं लिहायचं, हा माझा हट्ट आहे. ती म्हणते, ज्याला कळतं त्याला कार्ड लागत नाही. मी कार्ड छापून आणलं आहे.